आठ खांबांचे घर

कचनेर, जटवाडा, वेरूळ आणि पैठण अशी चार ठिकाणे एका दिवसात उरकून येणाऱ्या यात्रेच्या बसगाड्या आपल्या समाजाला नवीन नाहीत. त्यांत पैठणच्या वाट्याला फार तर सव्वा तास येतो. भगवान मुनिसुव्रतनाथांचे दर्शन, जेवण, आणि महिलावर्गाचा आग्रह असल्यास पैठणीचे दुकान, एवढे झाले की गाडी सुटते. शनि-अमावास्येला गर्दी अपार असते, पण तीही मंदिराच्या पायरीवरूनच परत फिरते. मी याविषयी तक्रार करू नये हे बरे. पैठण हे माझे जन्मगाव. बँकेच्या नोकरीतील चार वर्षेही मी याच तालुक्यात काढली. तरी गाव म्हणून पैठण मी पाहिले ते गेल्या डिसेंबरात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आणि तेसुद्धा घर विकायला गेलो म्हणून.

घर म्हणजे आमचा जुना वाडा. घडीव दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, माळवदाचे छप्पर. रस्त्याकडील खोलीत आजोबांची कापडाची पेढी, दिंडी दरवाजातून आत गेले की चौक, आणि चौकाच्या तिन्ही बाजूंना ओसरी. या ओसरीला सागवानाचे आठ खांब. माडीवर छोटेसे गृहचैत्यालय होते. थोरल्या वहिनी मुलाकडे पुण्याला गेल्या तेव्हा घर बंद करावे लागले आणि नित्य प्रक्षाळ-पूजेवाचून प्रतिमाजी बंद घरात कशा ठेवायच्या, म्हणून त्या गावातील मंदिरात विराजमान केल्या. मला वाटते, घर खऱ्या अर्थाने त्या दिवशीच रिकामे झाले. त्याआधी २००६ च्या ऑगस्टमधील पुरात धरणाचे पाणी गावात शिरले होते, आणि मागच्या भिंतीला तेव्हापासून ओल धरली होती ती कधी सुटलीच नाही.

आम्हा चार भावांचे चार हिस्से. खरेदीदार गावातीलच व्यापारी, सज्जन माणूस. त्याला तेथे खाली दुकाने आणि वर राहण्याची जागा बांधायची आहे. भाव ठरला, विसार झाला. खरेदीखताला सर्वांच्या सह्या लागतात, म्हणून दिवंगत धाकट्या भावाचा मुलगा नाताळच्या सुट्टीत जर्मनीहून आला. सूनबाई आणि अकरा वर्षांची नातही बरोबर होत्या.

कागद तयार करण्याचे काम साहजिकच माझ्याकडे होते. मालमत्ता पत्रकाचा उतारा, वारसनोंद, मूल्यांकन अहवाल. अहवालात मूल्यांकनकाराने जागेची किंमत लिहिली होती आणि खाली, बांधकामाच्या रकान्यात, एकच शब्द होता : निरंक. आयुर्मान संपलेल्या इमारतीवर घसारा पूर्ण झालेला असतो, तेव्हा बांधकामाचे मूल्य शून्य, हा नियम मला शिकविण्याची गरज नव्हती. शाखाधिकारी असताना अशा कित्येक अहवालांवर मी स्वतः सही केलेली आहे. जुना वाडा पाडून नवे बांधकाम करू इच्छिणाऱ्यांना कर्ज देताना त्या वाड्याकडे मान वर करून पाहण्याचा प्रसंग एकदाही आला नाही. रकान्यात 'निरंक' असे, आणि आम्ही पुढच्या पानावर जात असू. आपल्या घराच्या बाबतीत तोच शब्द वाचताना मात्र मी जरा थांबलो.

सह्यांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात मिळालेली तारीख सहा दिवसांनंतरची होती. नात म्हणाली, "आजोबा, मग तोपर्यंत आपण पैठण बघू या ना. तुम्ही आमच्याकडे आला होता तेव्हा आम्ही सगळे दाखवले होते."

ते खरे होते. २०१९ च्या जूनमध्ये मी आणि सौभाग्यवती त्यांच्याकडे गेलो असता पुतण्याने आम्हाला हार्त्स नावाच्या डोंगराळ प्रदेशात चार दिवस फिरविले होते. ब्रोकन या ११४१ मीटर उंचीच्या शिखरावर वाफेच्या इंजिनाची आगगाडी जाते, तिच्यात बसलो. मला अधिक आठवते ते क्वेडलिनबुर्ग हे गाव. तेथे लाकडी सांगाड्याची आणि मधल्या खणांत विटा-मातीचा भराव असलेली हजाराहून अधिक घरे उभी आहेत. एक तर चौदाव्या शतकातील आहे आणि त्यात अशा बांधकामाचेच संग्रहालय केले आहे. पुष्कळ घरांच्या दर्शनी तुळईवर बांधणाऱ्याचे नाव आणि साल कोरलेले दिसते. १९९४ साली युनेस्कोने गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हे सर्व त्या लोकांच्या दूरदृष्टीमुळे झाले, असे मी म्हणणार होतो. पण पुतण्याने सांगितलेली हकिकत निराळी होती. साम्यवादी राजवटीत जुन्या गावाचा मधला भाग पाडून नवा चौक बांधण्याची योजना झाली होती. तिला पुरेसा पैसा मिळाला नाही, म्हणून गाव वाचले. दुर्लक्षाने काही घरे पडली ती पडलीच. तारण म्हणून गरिबीही कधी उपयोगी पडते, हे माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी सांगितले नव्हते.

त्या सहलीतील एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. जून महिन्यात तेथे सूर्य रात्री साडेनऊला मावळतो, त्यामुळे आमचा रात्रिभोजनत्याग अगदी निवांत पाळला गेला. डिसेंबरात तोच सूर्य चारच्या सुमारास मावळतो. तेव्हा सूनबाई डबा कार्यालयातच तीन वाजता उघडते आणि तिच्या सहकाऱ्यांना ते दुपारचे जेवण आहे की रात्रीचे, हे कळत नाही.

तर पहिल्या दिवशी आम्ही पायी निघालो. प्रथम मंदिर. मुनिसुव्रतनाथांची प्रतिमा वालुकामय आहे आणि तिची परंपरा रामायणकाळापर्यंत मागे नेली जाते, हे आपण सर्व जाणतो. नातीने विचारले, वाळू या नदीची का? मी लहानपणापासून त्या प्रतिमेपुढे हात जोडत आलो. हा प्रश्न मला सुचला नव्हता. लांछन असलेले कासवही नदीतलेच, असा तिचा पुढचा निष्कर्ष होता आणि तो मी खोडला नाही. आपल्या श्वेतांबर बांधवांच्या परंपरेत पैठणचे स्थान आणखी एका कारणाने आहे. आचार्य कालकांनी संवत्सरीचा दिवस भाद्रपद शुद्ध पंचमीवरून चतुर्थीवर आणला तो या प्रतिष्ठानातच, सातवाहन राजाच्या विनंतीवरून. कारण पंचमीला नगरात इंद्रमहोत्सव असे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्प' रचला, त्यातही प्रतिष्ठानवर स्वतंत्र प्रकरण आहे. एवढे असूनही आपण सव्वा तासात निघतो.

मंदिरातून नागघाटाकडे जाणारा रस्ता जुन्या गावातून जातो. नदीच्या अंगाला गाव चढत गेलेले आहे. ही चढण नैसर्गिक टेकडीची नव्हे. दोन हजार वर्षे एकावर एक वसलेल्या वस्तीचा तो थर आहे. पावसाळ्यात पांढरीची माती वाहिली की मणी आणि नाणी वर येतात. लहानपणी आम्ही असे मणी वेचून त्यांच्या गोट्या करीत असू, ही कबुली मी शासकीय संग्रहालयात तसेच मणी काचेआड पाहताना नातीला दिली. ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिली, ती लेखापरीक्षकाची नजर मला परिचित आहे. हे संग्रहालय बाळासाहेब पाटील यांच्या नावाने आहे. या गृहस्थांनी पैठणच्या मातीतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. आम्ही ज्यांच्या गोट्या केल्या, त्यांची त्यांनी नोंद ठेवली.

मण्यांवरून व्यापाऱ्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट निघते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची आणि मालाची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. तीत पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे, आणि पैठणहून अकीक जातीचा दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जातो असे नमूद केले आहे. पुढे दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातील तेर, तेथून कापड. माल, अंतर, वाहतूक आणि रस्त्याची अवस्था : बँकेच्या पतअहवालात याहून वेगळे आम्ही काय लिहीत होतो?

तीर्थस्तंभ हा पैठणमधील सर्वांत उपेक्षित देखणा दगड. लोक त्याला शालिवाहनाचा विजयस्तंभ म्हणतात. कोरीव कामाची धाटणी मात्र पुष्कळ नंतरची, यादवकाळाच्या जवळची वाटते. नागघाटावर ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची कथा सांगितली जाते. तेथून एकनाथांच्या वाड्यात गेलो. नाथांचा वाडा आज मंदिर झाला आहे, पण त्याचे वाडापण लपत नाही. नातीने तेथल्या लाकडी खांबाला हात लावला आणि म्हणाली, "हे तर आपल्या घरासारखेच आहे." पुतण्या काही बोलला नाही. मीही नाही. पैठणीच्या मागापाशी थोडा वेळ थांबलो. आजीची असावळीची पैठणी आमच्याकडे अजून आहे. पण रेशमासाठी किती कोशकीटक उकळले जातात हे कळल्यापासून सूनबाई रेशीम नेसत नाही. सौभाग्यवतीला हे पटते आणि पैठणीही आवडते. या विषयावर आमच्या घरात निकाल लागलेला नाही, आणि लागेल असे दिसत नाही. विणकराच्या हातांकडे पाहत राहायला मात्र दोघींची हरकत नव्हती. नक्षीतला एकेक रंग लहान लहान कांड्यांनी हाताने भरीत जायचा, पदर उलटासुलटा सारखाच दिसला पाहिजे. बोटभर पदराला दिवस जातो.

संध्याकाळी घर उघडले. सहाच्या आत जेवण आटोपून दिव्याच्या उजेडात सामानाची यादी करीत बसलो, तेव्हा पेढीच्या भिंतीतील कपाटात आजोबांच्या आणि वडिलांच्या चोपड्या सापडल्या. लाल कापडाची बांधणी, वाळवीने कडा खाल्लेल्या. खतावणीत खाती माणसांच्या नावाने आहेतच, पण त्याआधी गावाच्या नावाने पाने पाडलेली. त्यांतली बरीच गावे आता नकाशात नाहीत.

म्हणून दुसऱ्या दिवशी नाथसागर. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, सत्तावीस दरवाजे. निम्म्या मराठवाड्याची तहान आणि शेती त्यावर चालते, आणि शंभराहून अधिक गावे त्याखाली गेली. धरणाच्या भिंतीजवळचे ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर केलेले. शाळेच्या सहली तेथेच येत. आम्ही पहाटे निघून फुगवट्याच्या कडेला गेलो. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे.

धुके होते. पाणी कोठे संपते आणि आभाळ कोठे सुरू होते ते दिसत नव्हते. आवाज तेवढे येत होते. साडेसातच्या सुमारास धुके उचलले आणि समोरच्या गाळपेर जमिनीवर पक्षी दिसू लागले. पाणी मागे हटते तशी जमीन उघडी पडते, शेतकरी तेथे हरभरा-गहू पेरतात आणि पक्षी त्यावर ताव मारतात. भांडण जुने आहे. चक्रवाकांच्या जोड्या, शेकाट्यांच्या लांब तांबड्या तंगड्या, दूरवर रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रेघ. एका नावाड्याने पट्टकादंब दाखविले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. तिबेटाकडून हिमालय ओलांडून ते येथे येतात. सूनबाई म्हणाली, यांना पारपत्र लागत नाही. नात मात्र दुर्बीण खाली ठेवून पाण्याकडे पाहत होती. "गावे नेमकी कोठे आहेत?" तिने विचारले. नावाड्याने हाताने दिशा दाखविली. त्याचे आजोळ त्यातल्याच एका गावाचे होते. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की देवळाचा कळस, घरांची जोती वर येतात, असे तो म्हणाला.

बँकेच्या भाषेत वसूल न होणाऱ्या कर्जाला बुडीत खाते म्हणतात. वडिलांच्या खतावणीत अक्षरशः बुडालेल्या गावांची खाती होती. मी परत येऊन ती पाने काळजीपूर्वक वाचली. धरणाचा मोबदला मिळू लागला त्या वर्षांत एकेका खात्यावर जमेच्या नोंदी आहेत : पंचेचाळीस रुपये, बावीस रुपये आठ आणे, एकशे दहा. गाव सोडून जाण्यापूर्वी माणसे येऊन कापडाची उधारी फेडून गेली होती. सगळी नव्हेत. बारा-तेरा खात्यांवर बाकी तशीच आहे, आणि त्यापुढे वडिलांच्या अक्षरात दोन शब्द आहेत, 'माफ केले'. तारीख संवत्सरीच्या दुसऱ्या दिवसाची. वडील हयात असताना याविषयी घरात कधी बोलल्याचे मला आठवत नाही. आईलाही ठाऊक असेल असे वाटत नाही. मी पुतण्याला ते पान दाखविले. त्याने मोबाईलवर त्याचा फोटो घेतला आणि मग चोपडी हळूच मिटून ठेवली.

तिसऱ्या दिवसाची सहल लांबची होती. पितळखोरे पैठणपासून जाऊन-येऊन पूर्ण दिवसाचे काम आहे, म्हणून पहाटे चारला निघालो. कन्नड तालुक्यात गौताळा अभयारण्याच्या कडेला, सातमाळ्याच्या डोंगरात एका खोल घळीत ही बौद्ध लेणी आहेत. अजिंठा-वेरूळच्या मानाने येथे कोणी येत नाही. वरून शेकडो पायऱ्या उतरून ओढ्यापर्यंत जावे लागते. गुडघ्यांचा विचार करून सौभाग्यवती वरच थांबली, आणि मी का थांबलो नाही याचे उत्तर मला परतीच्या चढणीवर द्यावे लागले. सागाचे जंगल, पानगळ सुरू झालेली, ओढ्याला धार बेताचीच. खडक ठिसूळ असल्याने लेण्यांची दर्शनी बाजू बरीच ढासळली आहे. एका विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे आणि दाराशी द्वारपाल उभे आहेत. शेजारच्या चैत्यगृहातील खांबांवर जुन्या चित्रांचे रंग अजून दिसतात. १९५० च्या दशकात येथे साफसफाई आणि उत्खनन झाले तेव्हा एक हसरा, ठेंगणा यक्ष सापडला. त्याच्या हातावर तो घडविणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव आहे. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मी मात्र आलो होतो एका खांबासाठी. या चैत्यगृहातील एका खांबावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक ओळ आहे. ती वाचण्याची विद्या माझ्याकडे नाही, अर्थ पुस्तकात वाचला होता : प्रतिष्ठानच्या गंधिक कुळातील मित्रदेवाने दिलेला खांब. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आपल्या समाजातील गांधी या आडनावाचे मूळ याच शब्दात आहे. दुसऱ्या एका खांबावर प्रतिष्ठानच्याच संघकाच्या पुत्रांचे नाव आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा एक अत्तर विकणारा आपल्या मिळकतीतून, एवढ्या दूरच्या डोंगरात, एक खांब देतो. सारे लेणे त्याचे नव्हे. एकच खांब. दुसरा कोणी दुसरा खांब देतो, आणि अशा हिश्शाहिश्शाने ते लेणे उभे राहते. धर्म त्यांचा बौद्ध, आपला जैन. दान देणारा हात मात्र मला आपल्याच बाजारपेठेतला वाटला.

"आपल्या घरात किती खांब आहेत?" नातीने विचारले.

"आठ," पुतण्या म्हणाला. प्रश्न मला होता, उत्तर त्याने दिले.

परतीच्या वाटेवर वेरूळला दोन तास मिळाले. मंगळवारी वेरूळ बंद असते, हे तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आम्ही थेट तीस ते चौतीस क्रमांकाच्या आपल्या लेण्यांकडे गेलो. पर्यटक सोळाव्या लेण्यातील कैलास पाहून थकतात आणि उत्तरेकडच्या टोकापर्यंत थोडेच पोहोचतात. इंद्रसभेविषयी या मासिकाच्या वाचकांना मी काय सांगावे? डोंगरावरच्या पार्श्वनाथांच्या प्रतिमेखालील शके ११५६ चा लेख तेवढा आठवून पाहा. तेथेही प्रतिमा करविणाऱ्या चक्रेश्वराने आपल्या वाडवडिलांची नावे लिहून ठेवली आहेत. ऊन उतरू लागले होते, पाचला डबे उघडले. थेपले आणि मेथीची भाजी. रात्री घरी पोहोचेपर्यंत नात माझ्या खांद्यावर झोपली होती.

चौथ्या दिवशी जुन्या लाकडाचा व्यापारी आला. वाडे पडतात तेथे ही मंडळी पोहोचतातच. शहरांतील उपाहारगृहांना आणि बंगल्यांना जुन्या सागवानी खांबांची, दारांची हौस असते. त्याने टेप लावली, खांबांवर नखाने खरवडून पाहिले, आणि आठही खांब, दिंडी दरवाजा व तुळया मिळून एक आकडा सांगितला. आकडा चांगला होता. ज्या अहवालात बांधकामाचे मूल्य निरंक होते, त्याच बांधकामाचे हे मूल्य होते. पण ते पाडल्यावरचे. खरेदीदाराने लाकूड आमचे आम्हाला घेऊन जाण्याची मोकळीक दिलेली होती. थोरले बंधू पुण्याहून दूरध्वनीवर होते. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते : चार हिस्से करावेत, विषय संपवावा. घर विकू नये असे कोणाचेच मत नव्हते. माझेही नव्हते. मागची भिंत अजून दोन पावसाळे काढणार नाही हे मला दिसत होते, आणि चौघांतील कोणीही तेथे राहायला जाणार नव्हता. पैठण पाहून आलो म्हणून भिंत वाळत नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, माझ्या हिश्श्याचे दोन खांब मी विकणार नाही."

"घेऊन कोठे जाणार? जर्मनीला?" मी जरा तिरकसच विचारले.

त्याने विचार करून ठेवला होता. समाजाच्या एका विद्यार्थी वसतिगृहाची नवी ओसरी बांधायची आहे, तिच्यासाठी देणगीचे आवाहन मागच्या वर्षी झाले होते. तेथे लोखंडी नळ्यांऐवजी आपले खांब उभे करता येतील, असे त्याचे म्हणणे. संध्याकाळपर्यंत थोरल्या वहिनींनी बंधूंकडील दूरध्वनी हातात घेतला आणि आपल्या हिश्श्याचे दोनही त्यात घाला म्हणून सांगितले. माझे दोन झाले. तिसऱ्या बंधूंनी त्यांचे विकले. त्यांच्या घरी या वर्षी लग्न आहे, आणि त्यांना कोणी काही म्हटले नाही. दिंडी दरवाजा व्यापाऱ्याने नेला. सह्या ठरल्या दिवशी झाल्या.

सहा खांब आता वसतिगृहाच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवले आहेत. ओसरीचे काम अक्षयतृतीयेनंतर सुरू होईल. मधल्या काळात आमच्या घरात नवा प्रश्न उभा राहिला आहे. खांबावर नाव कोरावे की नाही? गुप्तदान श्रेष्ठ, असे थोरले बंधू म्हणतात. आपल्या मंदिरांतील पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा दात्याचे नाव असते ते पाहता त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. नात जर्मनीहून दर आठवड्याला विचारते की क्वेडलिनबुर्गच्या लोकांनी नाव लिहिले, मित्रदेवाने लिहिले, मग आपण का नाही. वहिनींचे म्हणणे, लिहायचेच तर सासूबाईंचे लिहा. रोज सकाळी ओसरी त्या सारवीत असत आणि खांब तेलाने पुसत असत, आणि पेढीच्या एकाही चोपडीत त्यांचे नाव नाही. मी सगळ्या चोपड्या पुन्हा चाळून पाहिल्या. खरेच नाही.

परवा सुताराने दूरध्वनी केला. अक्षरे कोरायची असतील तर खांब उभे करण्याआधी सांगा, नंतर आडवे पाडता येणार नाहीत, असे तो म्हणाला. मी त्याच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आहे.